टाचेपासून मोजा : गाडीच्या धडकेत जखमी झालेला पाय आणि एमएलसीचा कागद

आमचं ग्रामीण रुग्णालय सुरत-नागपूर महामार्गाला लागून आहे. केळीचे ट्रक, कापसाच्या ट्रॉल्या, लग्नसराईत वऱ्हाडाने खचाखच भरलेल्या क्रूझर आणि या सगळ्यांच्या मधून जीव मुठीत धरून रस्ता ओलांडणारी माणसं, असा हा पट्टा. दरवर्षी सरकारी सेवेच्या बाँडवर नवे डॉक्टर येतात. हुशार असतात, टाके सुबक घालतात, एक्स-रे झटकन वाचतात. पण एमएलसीच्या (मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलिसांना कळवावी लागणारी दुखापत) कागदावर ‘उजव्या पायावर फाटलेली जखम, हाड मोडलं’ एवढं एका ओळीत लिहून मोकळे होतात. दोन-तीन वर्षांनी समन्स आलं की तीच एक ओळ हातात घेऊन साक्षीच्या पिंजऱ्यात उभं राहावं लागतं. वकील विचारतो, जखम टाचेपासून किती वर होती? पुढून होती की मागून? कागदात उत्तर नसतं, आणि तोवर जखम भरून निशाणीही फिकी झालेली असते.

म्हणून हे लिहिते आहे, प्रामुख्याने नव्या मेडिकल ऑफिसरांसाठी. पेशंटच्या घरच्यांनी वाचलं तरी हरकत नाही.

आधी एक गोष्ट ठाम करू. उपचार पहिले, कागद नंतर. मोटार वाहन कायद्याच्या कलम 134 मध्ये डॉक्टरने कुठल्याही औपचारिकतेची वाट न पाहता जखमीवर लगेच उपचार करायचे, असं स्पष्ट आहे. सर्वोच्च न्यायालयानेही 1989 मध्येच हे सांगितलं आहे. पोलिसांची यादी (तपासणीसाठीचं पत्र) आली नाही म्हणून पेशंट बाकावर बसवून ठेवायचा नसतो. एमएलसीची नोंद आपण करायची आणि पोलीस ठाण्याला आपणच कळवायचं. यादी येते मागाहून.

पाय पाहताना पहिला हात पावलाच्या नाडीवर. पावलाच्या वरची आणि आतल्या घोट्यामागची, दोन्ही नाड्या बघा आणि दोन्ही पायांच्या ताडून बघा. गुडघा निखळून जागेवर आलेला असला तरी मागची रक्तवाहिनी दुखावलेली असू शकते. पोटरी दगडासारखी घट्ट, बोटं आपण हलवून ताणली की पेशंट किंचाळतो, आणि दुखणं जखमेच्या मानाने फारच जास्त, असं असेल तर नाडी लागते आहे या भरवशावर थांबू नका. पोटरीच्या आतला दाब वाढला की नाडी शेवटपर्यंत लागत राहते आणि स्नायू मात्र मरतात. अशा पेशंटला धुळ्याला किंवा जळगावला ताबडतोब पाठवा. या सगळ्या नोंदी वेळेसकट कागदावर आल्या पाहिजेत. पुढे पाय कापावा लागला तर तो अपघाताने गेला की दिरंगाईने, हा प्रश्न याच ओळींवर सुटतो.

रक्त थांबलं, पाय फळीवर ठेवला, पेशंट बोलतो आहे. आता ड्रेसिंगच्या आधीची दहा मिनिटं आपली. जखम धुतली, टाके पडले, प्लास्टर चढलं की बघण्यासारखं फारसं उरत नाही.

संमती घ्या, सही किंवा अंगठा घ्या, शरीरावरच्या दोन ओळखखुणा लिहा. सोबत कोण आलं, कधी आलं, पोलीस कर्मचारी असेल तर त्याचा बक्कल नंबर लिहा. बाईमाणूस असेल तर सिस्टर किंवा वॉर्डातली मावशी हजर हवी आणि तिचं नाव कागदावर हवं. हकिकत पेशंटच्याच शब्दांत, अवतरण चिन्हांत. ‘मी बाजूले उभा व्हतू, गाडी मांगून उनी’ असं आबा म्हणाले तर तेच लिहायचं. जमादार साहेब शेजारून ‘लिहा, भरधाव वेगाने निष्काळजीपणे’ म्हणतील. वेग तुम्ही पाहिलेला नाही. तो त्यांच्या पंचनाम्यातला शब्द आहे, तिथेच राहू द्या.

कपडे काढताना फाटलेल्या जागेतून कात्री घालू नका. तो फाटका भाग, त्यावरचा ऑइलचा डाग, टायरचा ठसा, रंगाचा पापुद्रा, हे सगळं लागतं. वॉर्डबॉय मामांची सवय असते एका फटक्यात पँट उभी कापायची, त्यांना आधीच सांगून ठेवा. ओले कपडे सावलीत वाळवून कागदी पाकिटात ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत बुरशी चढते. सील करा, लेबल लावा, पोलिसांकडे देताना पोच घ्या. चप्पल-बूट विसरू नका. बहुतेक जण एकच चप्पल घेऊन येतात, दुसरी रस्त्यात. जी आहे ती ठेवून घ्या आणि तळव्याची जाडी मोजून लिहा.

आता आपल्याकडचा खास प्रश्न. पेशंट अपघाताच्या दिवशी आला नाही, तिसऱ्या-चौथ्या दिवशी आला, की त्याच्या पायावर हळद असते, चुना-गूळ असतो, हाडवैद्याने बांधलेल्या बांबूच्या कामट्या असतात. हळद नीट धुतल्याशिवाय जखमेचा रंग लिहायचाच नाही. मुका मार पिवळा पडला असं लिहिलं तर त्याचा अर्थ मार काही दिवसांपूर्वीचा, आणि तो पिवळेपणा हळदीचा असेल तर तारीखच चुकली. साबणाचं कोमट पाणी, मऊ कापड, आणि नखांच्या कडेला बघा. हळद तिथेही लागलेली असते. कामट्यांचे उभे समांतर वळ आणि आवळलेल्या पट्टीचे आडवे वळ वेगळे नोंदवा, ते अपघाताचे नाहीत. चोळून झालेलं असेल तर तेही विचारून लिहा, कारण चोळण्यानेही रक्त पसरतं.

दुसरा प्रश्न बिब्ब्याचा. सातपुड्याच्या पायथ्याला तो कुणाच्याही घरात सापडतो. दुखऱ्या सांध्यावर लावतात ते एक, आणि केस भक्कम व्हावी म्हणून कुणीतरी सुचवलेलं ते दुसरं. बिब्ब्याचा डाग लांबून थेट काळ्यानिळ्या मारासारखा दिसतो. जवळून पाहिलं की डागाची कड ठळक असते, वर बारीक पाणीदार फोड असतात, भोवतालची कातडी लाल असते, आणि पेशंटची तक्रार ठणक्यापेक्षा खाजेची जास्त असते. खाजवणाऱ्या बोटांच्या टोकांनाही तसेच डाग मिळतात. मुक्या माराला सूज असते, दाबलं की दुखतं, आणि दिवसागणिक रंग बदलतो. पेशंटवर खोटेपणाचा आरोप करायचा नाही. ‘दाहक पदार्थामुळे झाल्यासारखा डाग’ असं लिहायचं आणि पुढे जायचं.

मोजायचं कसं

या भागावर मी सगळ्यांत जास्त वेळ घेते, आणि तुम्हीही घ्या.

पायावरच्या प्रत्येक जखमेची उंची टाचेच्या तळापासून मोजायची. ‘गुडघ्याच्या खाली’ हे माप नव्हे. पेशंट उताणा, पाऊल शक्य असेल तर काटकोनात, तळव्याला क्लिपबोर्ड टेकवायचा आणि टेप त्या बोर्डापासून लावायचा. जखमेची खालची कड आणि वरची कड, दोन्ही उंच्या लिहायच्या. मग लांबी, रुंदी, खोली. खोली डोळ्यांनी दिसते तेवढीच लिहा. उघड्या फ्रॅक्चरच्या जखमेत सळई घालून खोली बघण्याचा उद्योग नको.

मोडलेला पाय आखडतो. हाडाची टोकं एकमेकांवर चढलेली असली तर टाचेपासूनची उंची खऱ्यापेक्षा कमी भरते. म्हणून त्याच जखमेचं अंतर गुडघ्याच्या सांध्याच्या आतल्या रेषेपासून खालीही मोजा, आणि चांगल्या पायाचं टाच ते गुडघा हे माप बाजूला लिहा. तिन्ही आकडे असले की पुढे कोणीही हिशेब मांडू शकतो.

हा सगळा खटाटोप बंपरसाठी. उभ्या माणसाला कार धडकते तेव्हा पहिला ठोका बहुधा नडगीवर किंवा गुडघ्याजवळ बसतो. त्याची उंची आणि संशयित गाडीच्या बंपरची उंची तपास अधिकारी ताडून बघतो. ड्रायव्हरने जोरात ब्रेक मारला असेल तर गाडीचं नाक खाली बसतं आणि जखम उभ्या गाडीच्या बंपरच्या उंचीपेक्षा खाली येते. चपलेचा तळ इथेच हिशेबात धरतात. पिकअप किंवा जीपला पुढे लोखंडी गार्ड असेल तर ठोका मांडीपर्यंत चढतो. दोन्ही पायांवर ठोके असतील आणि उंची वेगळी असेल तर एक पाय उचललेला होता, म्हणजे माणूस चालत किंवा पळत होता, ही शक्यता उभी राहते. शक्यताच. सर्टिफिकेटात फक्त उंच्या लिहायच्या, निष्कर्ष कोर्टाने विचारला तर सांगायचा.

मग बाजू. नडगीच्या पुढे, मागे पोटरीवर, बाहेरून, आतून. ‘उजवा पाय’ म्हणजे कमरेपासून बोटांपर्यंतचा सगळा प्रदेश झाला. मी लिहिते ते असं : ‘उजव्या पोटरीवर, मागच्या-बाहेरच्या बाजूला, टाचेपासून 29 ते 33 सेमी उंचीवर, 7 सेमी बाय 4 सेमी, आडवा, लालसर निळा मुका मार, सूज व दाबल्यास वेदना.’ आपण इंग्रजीत लिहितो, पण ऐवज हाच. दोन्ही पाय पूर्ण उघडे करून पुढून-मागून बघा. पेशंट ज्याला चांगला पाय म्हणतो त्यावर पुष्कळदा पहिल्या ठोक्याची हलकी खूण असते, आणि दुखणारा पाय पडताना मोडलेला असतो.

खरचटलेल्या भागात कातडीचे बारीक पापुद्रे एका टोकाला गोळा झालेले दिसतात. घासणं विरुद्ध टोकाकडून सुरू होऊन इथे संपलं. भिंग असेल तर वापरा, नसेल तर मोबाइलच्या कॅमेऱ्याने मोठं करून बघा. जखमेत रुतलेले कण धुण्याआधी चिमट्याने काढून घडी घातलेल्या कागदात ठेवा. डांबरी खडी, साइडपट्टीचा मुरूम आणि शेतातली काळी माती नुसत्या डोळ्यांनी वेगळी ओळखू येते. माणूस रस्त्यावर पडला की रस्त्याच्या कडेला, याचा थोडा अंदाज त्यातून लागतो. रंगाचा पापुद्रा सापडला तर तो वेगळ्या पुडीत.

नडगीवरची जखम फसवी असते. तिथे कातडीखाली लगेच हाड, त्यामुळे बोथट माराने कातडी सरळ रेषेत फाटते आणि धारदार शस्त्राने कापल्यासारखी दिसते. अपघाताच्या एमएलसीत ‘धारदार वस्तूने’ असं लिहिलं की बचावाचा वकील तुम्हाला चहा पाजेल. कडा फाकवून बघा : आत तंतूंचे पूल राहिलेले असतात, केसांची मुळं चिरडलेली असतात, कडेला अगदी बारीक खरचटलेलं असतं. ‘कठीण व बोथट वस्तू’ एवढंच लिहा. ‘अमुक कारने’ नको.

माराच्या रंगावरून वय सांगताना हात राखून. पहिले काही तास लाल, मग निळा-जांभळा, चार-पाच दिवसांत तपकिरी-हिरवट, आठवड्यानंतर पिवळा आणि दोनेक आठवड्यांत साफ, असं पुस्तकात असतं. सावळ्या कातडीवर आणि म्हाताऱ्या माणसात हे वेळापत्रक पाळलं जात नाही. शिवाय रक्त खाली उतरतं. मांडीतला मार दोन दिवसांनी गुडघ्यामागे आणि पोटरीतला मार घोट्याशी दिसायला लागतो. घोट्यावर काळंनिळं आहे पण दाबून दुखत नाही, असं झालं तर वर शोधा. खपलीचा भरवसा थोडा बरा : ताजी जखम ओली लाल, एका दिवसात लालसर खपली, दोन-तीन दिवसांत तपकिरी, आठवड्याने कडेने सुटायला लागते.

आदिवासी पाड्यांवरून आलेल्या बायकांच्या पायात चांदीचे वाळे असतात. सूज यायच्या आत काढून नातेवाइकांना द्या आणि पोच घ्या. वाळ्याचा कातडीवर उमटलेला ठसा बंपरच्या नावावर जाऊ देऊ नका.

एक्स-रे

दोन बाजूंनी, आणि वरचा-खालचा दोन्ही सांधे त्यात आलेच पाहिजेत. फिल्मवर नाव, बाजू, तारीख, एमएलसी नंबर. ऑपरेशन होऊन पट्टी-स्क्रू बसल्यावरचा एक्स-रे आपल्या कामाचा राहत नाही, म्हणून रेफर करताना आधीची फिल्म जपा.

बंपरच्या ठोक्याने नडगीच्या हाडातून कधी कधी त्रिकोणी तुकडा निघतो. ओली पऱ्हाटी (कपाशीची काडी) गुडघ्यावर धरून वाकवली तर गुडघ्याच्या विरुद्ध बाजूला आधी तडकते, हाडाचंही तसंच. ठोक्याच्या विरुद्ध बाजूला हाड ताणलं जाऊन फुटतं आणि चिरा दोन्हीकडे फाकत ठोक्याकडे येतात. म्हणून त्रिकोणाचा पाया धडकेच्या बाजूला आणि टोक गाडी ज्या दिशेने चालली होती तिकडे. प्रत्येक फ्रॅक्चरमध्ये हा तुकडा मिळत नाही, क्वचित उलटाही मिळतो. त्यामुळे कातडीवरचा मार आणि त्रिकोण एकच गोष्ट सांगत असतील तरच बोला.

गुडघ्याच्या वाटीच्या एक्स-रेत वरच्या-बाहेरच्या कोपऱ्यात गुळगुळीत कडेचा सुटा तुकडा दिसला तर थांबा. काहींची वाटी मुळातच दोन भागांची असते. दुसऱ्या गुडघ्याचा एक्स-रे काढा, तिथेही पुष्कळदा तसंच सापडतं. पोरांच्या हाडांतल्या वाढीच्या रेषा हाही तसाच सापळा. आणि नवं फ्रॅक्चर असेल तर कडा धारदार असतात. हाड जुळल्याची पांढुरकी सावली पहिल्याच एक्स-रेत दिसत असेल तर मोड काही आठवड्यांचा आहे. कालच्या अपघाताच्या खात्यावर तो घालता येत नाही.

गाडीत बसलेले

समोरासमोरच्या धडकेत पुढे बसलेल्याचा गुडघा डॅशबोर्डवर आपटतो. वाटी फुटते, गुडघ्यातला मागचा लिगामेंट तुटतो, मांडीचं हाड मोडतं किंवा खुबा मागे निखळतो. गुडघ्यावर जरासं खरचटलेलं आहे आणि पाय आखूड, आत वळलेला आहे, तर खुब्याचा एक्स-रे हवाच. पाऊल वर उचलता येतं का ते विचारा आणि लिहा. मांडीमागची मोठी नस खुब्याबरोबर दुखावते, आणि ऑपरेशननंतर ती ‘डॉक्टरने कापली’ असा आरोप होतो.

गाडी कोण चालवत होतं, हा इन्शुरन्सवाल्यांचा आवडता वाद. चालवत असतो पुतण्या, लायसन असतं काकाकडे, आणि पोलीस ठाण्यात काकाच पुढे होतात. तुम्ही त्यात पडू नका, पण ज्यावरून निवाडा होतो ते नोंदवून ठेवा. ब्रेकवर दाबलेल्या उजव्या पावलाला घोट्याचे आणि पावलाच्या लांब हाडांचे मोड होतात. बुटाच्या तळावर कधी पेडलची नक्षी उमटते. तो बूट न पुसता सील करा. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे, त्यामुळे ड्रायव्हरचा पट्टा उजव्या खांद्यावरून डाव्या कमरेला जातो आणि शेजाऱ्याचा उलट. छातीवरचा तिरपा वळ कुठून कुठे जातो ते लिहिलं की पुरे. दारूसाठी रक्त घ्यायचं असेल तर कातडी स्पिरिटने पुसू नका.

दुचाकीवाल्यांचं थोडक्यात. साडीतल्या बायका मागे दोन्ही पाय डावीकडे सोडून बसतात. डावीकडून काही आपटलं तर दोन्ही नडग्यांच्या पुढच्या बाजूला जवळपास सारख्या उंचीवर मार मिळतो. सायलेन्सरचे जुने चट्टे निम्म्या गावाच्या पोटरीवर असतात, ते ‘जुना व्रण’ म्हणून वेगळे लिहा. चाक पायावरून गेलं असेल तर वर कातडी शाबूत आणि खाली सगळं सुटलेलं असू शकतं. कातडी हाताखाली पाण्याच्या पिशवीसारखी हलते का बघा, आणि टायरचे ठसे स्केल ठेवून, कॅमेरा काटकोनात धरून, परवानगीने टिपा.

मत

हाड मोडलं किंवा सांधा निखळला की भारतीय न्याय संहितेच्या कलम 116 प्रमाणे जबर दुखापत. बारीक तडाही चालतो. मोड नसेल तर पेशंट पंधरा दिवस तीव्र वेदनेत होता का, किंवा आपली रोजची कामं करू शकत नव्हता का, हे बघायचं. 1 जुलै 2024 च्या आधीचा अपघात असेल तर जुना दंडविधान आणि वीस दिवस. नुसता पंधरा दिवस खाटेवर ठेवला म्हणून दुखापत जबर होत नाही. पाचव्या, दहाव्या, पंधराव्या दिवशी पेशंट कुबडीवर चालला का, शेतात गेला का, हे ओपीडीच्या कागदावर तारखेसकट हवं.

एक्स-रेचा रिपोर्ट येईपर्यंत ‘मत राखून’ असं लिहा आणि रजिस्टरला लाल खूण करा, नाहीतर ते मत कायमचं राखलेलंच राहतं. पोलीस स्मरणपत्रं पाठवून थकतात आणि मधल्या मधे पेशंटचा भरपाईचा दावा अडतो. मोटार अपघात न्यायाधिकरणात अर्ज करायला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे, हे तुम्हीही पेशंटच्या कानावर घाला. गाडी पळून गेली असेल तरी जबर दुखापतीला 50,000 रुपयांची भरपाई कायद्यात आहे. त्यासाठी आपलं सर्टिफिकेट लागतं, आणि रोजावर जाणाऱ्या माणसाला ती रक्कम लहान नाही.

अपंगत्वाची टक्केवारी जखमेच्या सर्टिफिकेटात लिहू नका. हाड जुळल्यानंतर, उपचार संपल्यावर तो वेगळा दाखला. तिथेही पायाची टक्केवारी की पूर्ण शरीराची, हे शब्दांत लिहा. केळीचे घड वाहणाऱ्या मजुराची कमाई किती घटली ते न्यायाधिकरण ठरवतं, डॉक्टर नाही.

सर्टिफिकेटाची मूळ प्रत पोलिसांना, पोच घेऊन. कार्बन प्रत रजिस्टरला. बदली होऊन तळोद्याला किंवा रावेरला गेलात तरी समन्स तिथे येणारच, म्हणून स्वतःच्या डायरीत एमएलसी नंबर, तारीख आणि पोलीस ठाणं टिपून ठेवा. साक्षीच्या आधी मूळ रजिस्टर आणि फिल्म मागवून घ्या. आमच्या तालुक्याच्या कोर्टात फिल्म बघायचा पेटारा चालू असेलच असं नाही, तेव्हा खिडकीशी उभं राहून दाखवायची तयारी ठेवा.